‘पुरातनबोध’चे परदेशी वाचक

ठसा घ्यायला लावलेला ओला कागद दगडावर नीट बसला, तेव्हा वामन दिघे मास्तरांनी राठ कुंचला उचलला आणि हलक्या हाताने ठोकायला सुरुवात केली. वर कोरलेल्या चंद्रसूर्यापासून खाली एकेक ओळ कागदावर उठू लागली. मास्तर कल्याणच्या शाळेत शिकवत. सुट्टी मिळाली की नदीकाठची गावं पालथी घालून जुने शिलालेख शोधायचे, हा त्यांचा नाद. शहाडच्या पलीकडे, उल्हास नदीजवळ, एका शेताच्या बांधावर हा छातीएवढा दगड त्यांना सापडला होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागावर लेख होता. खालच्या अर्ध्या भागाला हिरवं लुगडं गुंडाळलेलं होतं.

कागदाचं पाणी ओघळत खाली गेलं. लुगडं भिजून दगडाला चिकटलं आणि खालचा आकार वर दिसू लागला.

“मास्तर, तोंड फिरव.” मागून आवडाबाई म्हणाली.

आवडाबाई या पाड्यावरची म्हातारी आगरीण. शेत तिचं, म्हणून दगडही तिच्याच राखणीतला. मास्तर नदीकडे तोंड करून उभे राहिले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. ओल्या लुगड्याआडून त्यांना दिसली होती एक बाई, आणि तिच्यावर एक गाढव. असे दगड त्यांना ऐकून ठाऊक होते. हे दान जो मोडील त्याच्या आईची ही गत होवो, असा जुन्या राज्यकर्त्यांचा शाप. म्हणजे दान मोडणार लेक, आणि गत कोणाची, तर आईची! काय त्या राज्यकर्त्यांची अक्कल!

“झालं. वल आता.”

आवडाबाईने ओलं लुगडं सोडून कोरडं बांधलं होतं. पदर नीट खोचल्यासारखी गाठ मारली होती.

“ही कोनाची तरी आयच ना?” ती म्हणाली. “चूक केली लेकानं नि लाज गेली हिची. हिचा काय गुना? आमच्या सासवा झाकीत आल्या, आमी झाकताव. वर्साला नवं लुगरं. सोडताना बाप्या मानसानं बगायचं नाय.”

“नाही बघणार.”

“नि वर काय लिवलंय?”

मास्तरांनी बोट फिरवत वाचून दाखवलं. कुण्या प्रधानाने जवळच्या मिठागराचं उत्पन्न वाटसरूंच्या पाणपोईला लावून दिलं होतं. आवडाबाई ऐकत राहिली, मग एकदम खुदकन हसली. बांधावरच्या आंब्याखाली एक मडकं होतं, वर लाकडी झाकण, झाकणावर करवंटी.

“त्ये काय मंग? आमी रोज भरताव. का भरताव त्ये कोनाला ठावं नवतं. आज कललं.”

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. राज्य बुडालं, मिठागर बुजलं, लेख वाचणारा उरला नाही, आणि मडकं मात्र भरतच होतं. दान मोडलंच नव्हतं! असा शोध कोणाला लागला असेल? त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन घेतलं आणि हे आपण छापू, परदेशातले विद्वानही वाचतील, असं तिला सांगितलं.

“वरचं ने,” निघताना आवडाबाई म्हणाली. “खालचं कोनाला दावायचं नाय.”

“शब्द देतो.”

“तुजी आय हाय का?”

“आहे.”

“मंग झालं,” ती म्हणाली, आणि मडक्यावरचं झाकण सारखं करायला गेली.

ठाण्याला नौपाड्यात दाजीसाहेब कर्णिकांचं घर होतं. दाजीसाहेब कोर्टात वकील. घरामागे त्यांनी छोटा छापखाना घातला होता आणि त्यातून ‘पुरातनबोध’ हे त्रैमासिक काढत. त्रैमासिक जेमतेम तीन वर्षांचं पोर, पण तोरा विचारू नका! लेख मराठीत, शेवटी इंग्रजीत गोषवारा, आणि पानांच्या कडा विलायती पद्धतीने न कापता सोडलेल्या. वाचणाऱ्याने सुरी घेऊन पानं फोडायची. दिवाणखान्यात जगाचा मोठा नकाशा होता. ज्या गावी अंक जाई, त्या गावावर दाजीसाहेब बायकोच्या करंड्यातलं कुंकू बोटाने लावत. लंडन, पॅरिस, लाइपझिग, व्हिएन्ना. युरोपाला गोवर आल्यासारखा दिसे.

“ठाण्यात कोण वाचतो हो?” ते म्हणत. “भाजीचा भाव वाचतील फार तर. आपला वाचक समुद्रापलीकडे आहे, मास्तर.”

मास्तरांना हा तोरा आवडत नसे, पण ते वाक्य आवडे. कल्याणात त्यांच्याशी शिलालेखातल्या एका अक्षराबद्दल वाद घालील असा माणूस नव्हता. शाळेतले सहकारी त्यांना ‘धोंडेमास्तर’ म्हणत. समुद्रापलीकडे कुठेतरी एखादा म्हातारा विद्वान दिव्याशी बसून आपला लेख ओळीनिशी वाचील, बरोबर असेल तर बरोबर म्हणेल, चुकला असेल तर कान पकडील, एवढंच त्यांना हवं होतं. याहून जास्त काही नको होतं, आणि याहून कमी काही चालणार नव्हतं.

म्हणूनच तर घोळ झाला.

संपूर्ण लेखाला वेळ होता, तेव्हा आधीच्या अंकासाठी मास्तरांनी छोटं वृत्त लिहिलं. शिलालेखाचा आशय लिहिला, मडक्याचं लिहिलं. मग वाटलं, खालच्या भागाचा उल्लेखच नसेल तर तिकडचे विद्वान म्हणतील, या नेटिवाला दगडसुद्धा पुरता पाहता येत नाही. म्हणून त्यांनी तळटीप जोडली: खाली शापशिल्प असून ग्रामस्त्रिया ते वस्त्राने झाकतात, सबब येथे दिलेले नाही. लिहून झाल्यावर त्यांना बरंच वाटलं. शब्दही राखला आणि शास्त्रही राखलं, असं त्यांना वाटलं. वाटलं आपलं.

दाजीसाहेबांनी गोषवाऱ्यात ती तळटीप उचलून पहिल्या ओळीत घातली.

उत्तरं आली, आणि आजवर कधी आली नव्हती इतकी आली. ‘पुरातनबोध’ला एवढी विचारणा कधीच झाली नव्हती. दाजीसाहेबांनी मास्तरांना मुद्दाम ठाण्याला बोलावून घेतलं आणि एकेक पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांना एकच पाहिजे होतं. शिल्पाचं चित्र मिळेल काय? वस्त्र काढून घेता येईल काय? गाढव पूर्ण आहे की भंगलेलं?

“पाणपोईबद्दल?” मास्तरांनी विचारलं.

“काय पाणपोईबद्दल?”

“कोणी काही विचारलंय?”

दाजीसाहेबांनी पत्रं पुन्हा चाळल्यासारखी केली. “विचारतील हो. आधी चित्र तर जाऊ द्या! पुढच्या अंकात तुमचा लेख आणि शेवटी चित्र. मी छापखान्यातल्या गुणाजीला सांगतो, त्याचा हात चांगला आहे.”

“चित्र नाही देता येणार. मी शब्द दिलाय.”

“कोणाला?”

“आवडाबाईला. शेत तिचं आहे.”

दाजीसाहेब इतके हसले की आतून कोणीतरी डोकावून गेलं. “अहो, सगळा युरोप विचारतोय आणि तुम्ही एका आगरणीला भिता? शास्त्राला लाज नसते, मास्तर.”

“आवडाबाईला आहे.”

“ती काय आपली वाचक आहे?” दाजीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पानसुपारीचं तबक पुढे केलं. मास्तरांनी पान घेतलं नाही. आपण नाही म्हटलं म्हणजे विषय संपला, असं समजून ते कल्याणला परत आले.

पावसाळा सरला आणि अंक आला. टपालवाल्याने तो दारातच दिला. मास्तरांच्या आईने, सगुणाबाईंनी, तो हातात घेऊन आधी कपाळाला लावला, देव्हाऱ्यापुढे ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मगच लेकाच्या हाती दिला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण मुखपृष्ठावर वामनचं नाव कुठे असतं ते त्यांना माहीत होतं. तिथेच त्यांनी कुंकू लावलं होतं.

मास्तर पडवीत बसून सुरीने पानं फोडू लागले. आपला लेख छापलेला पाहून त्यांचं मन निवलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं. मडक्याचा सगळा भाग होता. ते पानामागून पान कापत शेवटाशी आले, तर तिथे एक पान वेगळं चिकटवलेलं होतं. त्याला सुरी लागतच नव्हती. ते आपोआप उघडलं.

गुणाजीचा हात खरंच चांगला होता. बाईच्या चेहऱ्यावरचा दगड झिजलेला, तर त्याने तिथे डोळे काढले होते. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: शोधक, वा. र. दिघे.

मास्तरांनी अंक मिटला. हात धुवावेत असं वाटलं.

“वामन,” आई आतून म्हणाली, “शेजारच्या मालनचे यजमान ठाण्याच्या कचेरीत आहेत ना, त्यांनी पाहिला म्हणे तुझा अंक. चित्रसुद्धा आहे म्हणे त्यात! मालन सांगताना हसत का होती, कोण जाणे. दाखव की रे मला.”

“चित्र नाही, आई.”

“अरे, ती म्हणाली ना.”

“तिची चूक होतेय. दुसऱ्या कुठल्या अंकात असेल.”

“मला वाचता येत नाही, म्हणून निदान चित्र तरी बघावं म्हटलं,” आई म्हणाली, आणि पदराला हात पुसत परत चुलीकडे गेली. मास्तरांनी ते पान फाडून घेतलं, चुरगळलं, आणि विहिरीमागे नेऊन जाळलं. जळताना त्याचा वास आला. पण एक पान जाळून काय होणार होतं? बाकीचे अंक कधीच बोटीवर चढले होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताच ते ठाण्याला गेले. छापखान्याच्या दारात गुणाजी भेटला. मास्तरांना पाहून त्याने मान खाली घातली.

“गाठ सुटंना, मास्तर,” न विचारताच तो म्हणाला. “म्हातारी बाजाराला गेलेली. घाईत होतो. सुरीनं कापली.”

मास्तर त्याला बाजूला सारून आत गेले. दाजीसाहेबांशी ते तारस्वरात बोलले. शब्द मोडलात, चोर पाठवलात, माझं नाव त्या घाणीखाली घातलंत! दाजीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “दोन महिने थांबा. तिकडून काय येतं ते बघा, मग भांडा.”

आणि मास्तर थांबले. हे सांगताना माझीच जीभ अडते, पण थांबले. झालं ते झालं, आता निदान लेख तरी कोणी वाचील, असं त्यांच्या मनाने घेतलं. आवडाबाईकडे जायचं त्यांनी टाळलं. टपालाची वाट पाहिली. चिखलात एक पाय रुतलेला माणूस दुसरा पायही पुढेच टाकून बघतो, तसला हा प्रकार.

टपाल आलं त्या दिवशी दाजीसाहेबांकडे फराळ होता. ठाण्यातली बडी मंडळी जमली होती. नकाशावर नवं कुंकू दिसत होतं, कुठे कुठे ओलंसुद्धा. एकजण चिवडा खाताखाता दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघे खिदळले. मास्तर आत येताच ते गप्प झाले, मग पुन्हा खिदळले.

“या या!” दाजीसाहेब ओरडले. “तुमचीच वाट बघतोय. व्हिएन्नाच्या एका गृहस्थांनी काय पाठवलंय बघा. मोठे संग्राहक आहेत. त्यांनी आपला अख्खा अंक परत पाठवलाय!”

“परत? का?”

“म्हणतात, चित्र जरा पुसट छापलंय. गाढवाच्या मागच्या पायाशी शाई फिकी आहे. स्वच्छ प्रत पाठवावी. बघितलंत? किती बारकाईने पाहतात हे लोक! ठाण्यातल्या कोणाच्या लक्षात आलं असतं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी अंक हातात घेतला. समुद्र ओलांडून जाऊन आलेला अंक. त्यांनी पहिलं पान उलटायला अंगठा घातला. पान उलटेना. दुसरं उलटेना. मधलं उलटेना. लेखाच्या सगळ्या कडा जशा ठाण्याहून निघाल्या होत्या तशाच बंद होत्या. सुरीचा कुठे स्पर्श नव्हता. शेवटचं पान मात्र हात लावताच उघडलं. हाताळून हाताळून त्याचा कोपरा मऊ पडला होता, आणि बाईच्या चेहऱ्यावर कोणाच्या तरी बोटाचा तेलकट डाग होता.

शी! मास्तरांना खरोखरच ओकारी आली. तोंडाशी पंचा धरून ते मागच्या दारी गेले आणि तुळशीच्या ओट्यापलीकडे वाकून उभे राहिले. आत कोणीतरी म्हणालं, चिवडा बाधला वाटतं.

“माझं नाव ‘पुरातनबोध’मधून काढून टाका,” परत येऊन ते म्हणाले.

“आता?” दाजीसाहेबांनी खरोखरच्या आश्चर्याने विचारलं. “अहो, आता तर तुमचं नाव व्हिएन्नापर्यंत पोचलंय.”

मास्तर निघाले. परत आलेला अंक त्यांनी काखेत मारला होता. कोणी मागितला नाही.

घरी आल्यावर त्यांनी अंक पडवीत ठेवला. मग आईला म्हणाले, “आई, तुझं एखादं लुगडं देतेस?”

“कोणाला रे?”

“एका बाईला द्यायचंय.”

सगुणाबाईंनी पेटी उघडली. मास्तर म्हणाले, जुनंसुद्धा चालेल. तेव्हा त्यांनी लेकाकडे रोखून पाहिलं.

“बाईमाणसाला द्यायचं तर फाटकं काय द्यायचं?” त्या म्हणाल्या. त्यांनी जांभळं लुगडं काढलं. बारीक काठाचं, सणावारी नेसण्याचं. “हे ने. गरीब आहे का बिचारी?”

“आहे.”

“कोणी नाही तिला?”

“मुलगा होता,” मास्तर म्हणाले.

सगुणाबाईंनी जिभेने चक् केलं आणि लुगड्याच्या घडीत सुपारी ठेवली.

रविवारी मास्तर शहाडच्या पलीकडे गेले. दगडाला नवं हिरवं लुगडं बांधलेलं होतं. जुनं, कापलेलं, धुऊन कुंपणावर वाळत घातलं होतं, आणि गाठीशी सुरीची सरळ चीर दिसत होती. आंब्याखालचं मडकं भरलेलं होतं. आवडाबाई बांधावर बसून गवत काढत होती. तिने मास्तरांना पाहिलं, हातातलं गवत टाकलं नाही.

“आधी पानी पी,” ती म्हणाली. “उनातून आलास.”

मास्तर करवंटीभर पाणी प्यायले.

“त्यो मानूस तुजा व्हता?”

“माझा नव्हता. पण मी लिहिलं नसतं तर तो आला नसता. खाली काय आहे ते मी लिहिलं. मला वाटलं, तुम्हाला दिलेला शब्द त्यात मोडत नाही.”

आवडाबाईने त्यांच्या काखेतल्या अंकाकडे पाहिलं. “त्येच का तुजं पुस्तक? परदेसातले वाचतील म्हनालेलास. मरक्याचं वाचलं का त्येंनी?”

“नाही. कोणीच वाचलं नाही.”

“मंग काय केलं?”

“बघितलं,” मास्तर म्हणाले.

आवडाबाई उठली. तिला राग आला होता तो हनुवटीत दिसला. पण ती ओरडली नाही. मास्तरांनी पिशवीतून लुगडं काढून पुढे केलं. तिने घडी उलगडली, काठावरून बोट फिरवलं. सुपारी तिच्या हातात आली.

“ह्ये इकत घेतलेलं नाय.”

“नाही.”

“कोनाचं?”

मास्तरांनी हातानेच कल्याणच्या बाजूला दाखवलं.

आवडाबाईला कळलं. तिने ती सुपारी दगडाच्या पायाशी ठेवली. मग जांभळं लुगडं खांद्यावर टाकून ती गाठ सोडायला वाकली.

“तोंड फिरव,” ती म्हणाली.

मास्तर नदीकडे तोंड करून उभे राहिले. मागे लुगड्याची सळसळ ऐकू येत होती.

“मास्तर,” तिने मागूनच विचारलं, “तू फिरवलंस. त्या परदेसातल्यांची तोंडं कोन फिरवनार?”

नदीवरून एक होडी चालली होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. होडी वळणाआड गेली.

“झालं,” आवडाबाई म्हणाली. “वल आता.”

मास्तर वळले नाहीत.